विरुद्ध पक्षाचा दुभाषी

आजच्या सभेच्या अध्यक्ष माननीय डॉक्टर ज्योतीताई पाथरीकर, व्यासपीठावर बसलेले आपल्या मराठी मंडळाचे कार्यवाह श्री. अनिलराव हुमनाबादकर, आजच्या सत्कारमूर्ती ॲडव्होकेट चारुलताबाई कंधारकर, आईला न्यायला पुण्याहून आलेली त्यांची कन्या तन्वी, न्यायालयातले माझे ज्येष्ठ आणि कनिष्ठ स्नेही, आणि गौलीगुड्यापासून विद्यानगरापर्यंत सगळीकडून रहदारीशी झगडत हिमायतनगरच्या या सभागृहात पोचलेल्या रसिक बंधुभगिनींनो,

माझं नाव हणमंतराव भालकीकर. मी निवृत्त सरकारी वकील. अनिलरावांनी मला फोन केला तेव्हा मी म्हटलं, "अहो, बाईंच्या सत्काराला मला कशाला? मी तर आयुष्यभर त्यांच्या विरुद्ध बाजूला उभा राहिलो." अनिलराव म्हणाले, "म्हणून तर. कौतुक करणारे बारा जण आहेत. विरुद्ध बाजूचा एकही नाही." तेव्हा मंडळी, मी त्या बाजूनं बोलायला आलो आहे. मला वीस मिनिटं दिली आहेत. वकिलाला वीस मिनिटं देणं हे धाडसाचं काम आहे, एवढंच नम्रपणे सुचवतो.

चारुलताबाईंनी तेलुगू मुलखातल्या या शहरात एकतीस वर्षं वकिली केली. आता त्यांचे डोळे बारीक अक्षर वाचू देत नाहीत, म्हणून त्या कोट खुंटीला टांगून लेकीकडे चालल्या आहेत. त्यांच्या एकतीस वर्षांवर बोलायचं म्हटलं तर मला काहीच सांगता येणार नाही. मी एका दुपारबद्दल बोलणार आहे. वय झालं की आठवण आणि स्वप्न यांची सरमिसळ होते म्हणतात. माझी ती दुपारही आता तशीच झाली आहे. वर पंखा फिरतोय, उंच झरोक्यातून उन्हाची एक तिरीप खाली येऊन टेबलाच्या कोपऱ्यावर बसली आहे, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात निळ्या लुगड्यातली एक बाई उभी आहे. एवढं डोळ्यांपुढे आलं की मला वाटतं, हे खरंच घडलं का? पण घडलं. त्याची कागदपत्रं आहेत.

त्या बाईचं नाव भामा. देगलूरजवळच्या एका खेड्यातली. नवरा लवकर वारला. चार वर्षांची मुलगी शिल्पा, तिला स्वतःच्या आईपाशी ठेवून भामा गावातल्या बायकांबरोबर इकडे बांधकामावर कामाला आली. हे २००४ सालचं. आठवड्याभरातच तिला ताप चढला. परत जायला म्हणून बायका गौलीगुड्याच्या बसस्थानकावर आल्या, त्या गर्दीत ही मागे राहिली आणि भिंतीला टेकून बरळत बसली. पोलिसांनी उचलून दवाखान्यात नेलं, ताप उतरल्यावर दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं. तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं, आणि तिचं मराठीही आपल्या देगलूर-बिलोलीकडचं. दंडाधिकाऱ्यांनी हुकूम दिला, "सहा महिने स्त्रियांच्या आश्रयगृहात ठेवा, तोवर घरच्यांचा शोध घ्या." हुकूम चांगलाच होता. माणुसकीचा होता. पण लिहिणाऱ्यानं भामाचं 'बम्मा' केलं आणि गावाचं नाव असं काही लिहिलं की त्या नावाचं गाव नकाशावरच नाही. चौकशीचं पत्र गेलं आणि परत आलं.

सहा महिने संपले. मग एक वर्ष संपलं. मग चार वर्षं संपली. आश्रयगृह चालवणाऱ्या संस्थेनं शहरातली जागा सोडून शेजारच्या जिल्ह्यात, तलावाकाठी नवी इमारत घेतली. बाकी बायकांबरोबर भामाही तिकडे गेली. संस्थेचं नाव मी घेत नाही. ती आता बंद आहे. वर्षातून एकदा व्यवस्थापक एका कागदावर भामाचा अंगठा घेत. कागदावर तेलुगूत लिहिलेलं असे, 'मी येथे स्वखुशीने राहत आहे.' भामाला वाटे, हा घरी पाठवायचा अर्ज आहे. ती दर वर्षी अंगठा दाबून दाबून उठवत असे. ते अंगठे मी पाहिले आहेत. एवढे ठळक अंगठे मी दुसऱ्या कुठल्याच कागदावर पाहिले नाहीत.

अशी अकरा वर्षं गेली.

२०१५ साली कायदेविषयक मदतीच्या योजनेतून चारुलताबाईंना त्या आश्रयगृहाची पाहणी करायला पाठवलं. त्या सांगतात, मी आपलं ऐकलेलं सांगतो. दुपारची वेळ. तलावाचं पाणी शिशासारखं पडलेलं. ओसरीवर बायका चिंच फोडत बसलेल्या, कुणी काही बोलत नाही. आणि कुठूनसा आवाज आला, "आगं ए भवाने, तोंड घालू नको त्यात. मार खाशील बघ!" बाई चमकून वळल्या. एक बाई मांजरीला दटावत होती.

चारुलताबाई तिच्याजवळ गेल्या आणि सहज म्हणाल्या, "पोटुशी दिसतीय मांजर. भूक लागली असंल तिला."

त्या बाईनं हातातली चिंच खाली ठेवली. चारुलताबाईंच्या तोंडाकडे निरखून पाहत ती हळूच म्हणाली, "ह्ये सपान हाय का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मंग पुन्ना बोला."

मंडळी, अकरा वर्षांत तिच्याशी तिच्या भाषेत बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि ते मांजरीच्या भुकेबद्दल होतं.

आठ दिवसांत भामाची सुटका झाली. ते अवघड नव्हतं. तिला ठेवायचा कुठलाच हुकूम आता उरला नव्हता, त्यामुळे तिला सोडायलाही फार काही लागलं नाही. चारुलताबाई स्वतः तिला घेऊन गावी गेल्या. आई गेलेली होती. भावाच्या घरात शिल्पा वाढत होती, पंधरा वर्षांची झाली होती. ती दाराआड उभी राहिली, बाहेर आलीच नाही. गावात इतकी वर्षं एकच बोलणं होतं की भामा शहरात राहिली ती मर्जीनं राहिली. आणि आता तर पुरावा होता. सुटकेची खबर लागताच भावानं संस्थेकडे खुलासा मागवला होता, तर त्यांनी अकरा अंगठ्यांच्या नकला मराठी तर्जुम्यासकट पाठवून दिल्या होत्या. स्वखुशीने, स्वखुशीने, स्वखुशीने, असं अकरा वेळा.

दाराआडून मुलगी एवढंच म्हणाली, "तिला राहायचं होतं, ती राहिली. आता कशाला आली?"

भामा रडली नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून राहिली, आणि कामारेड्डी मागे पडल्यावर म्हणाली, "वकीलबाई, त्यो कागुद खोटा हाय, आसं दुसऱ्या कागदावर लिव्हून आना."

चारुलताबाईंना अशील मिळालं ते असं. भरपाई नको, शिक्षा झाली तर झाली, नाही तर नाही. एक कागद हवा होता.

आता थोडं कायद्याचं. तन्वी हसतेय, तिला माहीत आहे आईचे सहकारी एकदा कायद्यावर आले की जेवण गार होतं. पण हे थोडक्यात सांगतो. आपल्याकडे मानवाधिकार आयोग आहे, पण घटनेला एक वर्ष उलटलं की त्याला चौकशी करता येत नाही, आणि तो शिफारस करतो, निकाल देत नाही. बाईंना निकाल हवा होता. म्हणून त्या गेल्या मानवाधिकार न्यायालयात. ही काही वेगळी इमारत नसते. जिल्ह्याच्या सत्र न्यायालयालाच सरकार ते काम नेमून देतं. तेच दालन, तेच न्यायाधीश, तोच पट्टेवाला. कायदा मोजक्या ओळींचा. कुठले गुन्हे तिथे चालवायचे, तिथे जायचं कसं, हे त्यात नीटसं सांगितलेलंच नाही. त्यामुळे असं काही प्रकरण आलं की खरं-खोटं बाजूलाच राहतं. न्यायालयाला आधी स्वतःलाच विचारावं लागतं, 'हे ऐकायचा मला अधिकार आहे का?'

आणि नाही, असं सांगायला मी उभा होतो. संस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा वकील म्हणून.

मला माझं काम येत होतं, मंडळी. मी म्हटलं, आश्रयगृहाचं फाटक शेजारच्या जिल्ह्यात आहे, तेव्हा ही या न्यायालयाची हद्दच नव्हे. मी म्हटलं, अशा गुन्ह्याची तक्रार तीन वर्षांच्या आत यायला हवी. दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाची मुदत संपली २००४ साली, आणि आता उजाडलंय २०१६. मी म्हटलं, संस्था खाजगी आहे, मानवाधिकाराचा प्रश्न सरकारी माणसाच्या वागण्यातून निघतो. इतकंच काय, २०१४ च्या जूनमध्ये राज्याची विभागणी झाली, राज्य बदललं. भामा त्याच खोलीत, त्याच खिडकीशी बसलेली, आणि तिच्याभोवतीचं राज्य दुसरं झालं. मी तोही मुद्दा सोडला नाही. म्हटलं, ज्या राज्यानं तिला तिथे पाठवलं त्याचा हिशेब या राज्यानं का द्यावा? आणि शेवटी म्हटलं, हे सत्र न्यायालय आहे. इथे थेट येता येत नाही. आधी दंडाधिकाऱ्यांकडे जा, त्यांनी प्रकरण इकडे पाठवलं तर या.

न्यायाधीश मितभाषी होते. गोदावरी जिल्ह्यातले तेलुगू गृहस्थ, टेबलावर नेहमी पाण्याचा तांब्या आणि एक पेन्सिल. ते म्हणाले, "हद्द, मुदत, माणूस, वाट. सगळं आलं. पण या बाई तिथे राहत होत्या की ठेवलेल्या होत्या, हे कळल्याशिवाय यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही. तक्रारदाराला शपथेवर विचारू."

भामा पिंजऱ्यात येऊन उभी राहिली. साहेब तेलुगूत म्हणाले, "चेप्पम्मा." म्हणजे, सांग बाई. ती नुसती पाहत राहिली.

मराठीचा दुभाषी नव्हता. ते पद रिकामं होतं, आपल्याकडे पदं असतात तशी. साहेबांनी पुढची तारीख द्यायला पेन्सिल उचलली. तारीख म्हणजे दोन महिने. तेवढ्यात चारुलताबाई उभ्या राहिल्या. मला त्यांचं वाक्य जसंच्या तसं आठवतं.

"तारीख नको, साहेब. मला मराठी येतं, पण मी तिची वकील आहे, मला दुभाषी होता येणार नाही. या दालनात मराठी येणारे दुसरे एकच गृहस्थ आहेत, विरुद्ध बाजूचे वकील. त्यांनी शपथ घ्यावी. माझी हरकत नाही."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "विरुद्ध पक्षाचा दुभाषी? तुमची खरंच हरकत नाही?"

"अजिबात नाही."

मी म्हटलं, "माझी आहे." लोक हसले. पण ते हसण्यावारी नेण्याइतकं सोपं नव्हतं. तरी साहेबांनी मला विचारलं, आणि मला नाही म्हणता आलं नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी शपथ घेतली, 'जे बोललं जाईल तेच सांगेन.' माझी फाईल मी खुर्चीवर ठेवली आणि पिंजऱ्यापाशी जाऊन उभा राहिलो. भामानं माझ्याकडे पाहिलं. काळा कोट, गळ्याशी पांढरा बँड. मी तिच्या बाजूचा की विरुद्ध, हे तिला कसं कळावं?

साहेबांनी विचारलं, "तुम्ही तिथे राहत होता का?"

मी मराठीत विचारलं. ती म्हणाली, "मला ठिवलं व्हतं."

मी तेलुगूत सांगितलं. साहेब म्हणाले, "ठेवलं म्हणजे? आसरा दिला, की अडवलं?"

ती म्हणाली, "तीनदा फाटकापातूर गेले. तीनदा मागं आनलं. जेवाय देत व्हते, मारलं न्हाई कुनी. पर फाटक त्यांचं व्हतं."

तेही सांगितलं. इथवर ठीक होतं. दालनात उकाडा होता. बाहेर कडुलिंबावर कुठलासा पक्षी एकच सूर धरून बसला होता. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला, माझ्या मुदतीच्या मुद्द्याचा. "किती काळ होता तिथे? केव्हापासून केव्हापर्यंत?"

भामानं डोळे मिटले. तिला आठवायला इतका वेळ लागला की लघुलेखकानं बोटं मोडून घेतली. मग ती म्हणाली, "येकच दुपार व्हती, सायेब. लई लांबली."

मंडळी, आज मी तुमच्यासमोर कबूल करतो. माझ्या ओठांवर भाषांतर तयार होतं. 'तिला आठवत नाही.' तीन शब्द. धड खोटंही म्हणता आलं नसतं कुणाला. दुभाषे असं रोज करतात, वाकडं बोलणं सरळ करून सांगतात. आणि तिला आठवत नाही, एवढं नोंदीत आलं असतं तर माझा मुद्दा जवळजवळ सिद्ध होता. केव्हापासून कोंडलं, केव्हापर्यंत कोंडलं, हे जिला सांगता येत नाही, तिच्या तक्रारीची मुदत मोजायची कशी?

मी चारुलताबाईंकडे पाहिलं. त्यांना तर दोन्ही भाषा येत होत्या. मी एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर त्या तिथल्या तिथे उठल्या असत्या. पण त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. पेनाला टोपण लावून, हात मांडीवर ठेवून, त्या झरोक्याकडे पाहत बसल्या होत्या. डुलकी लागलेल्या माणसासारख्या. माझ्यावर पहारा ठेवावा असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मी सांगितलं, "ती म्हणते, एकच दुपार होती. फार लांबली."

साहेबांनी लिहायचं थांबवलं.

"असं म्हणाली?"

"हेच शब्द, साहेब."

"तिला विचारा, मग वर्षं कशावरून कळली? तक्रारीत अकरा लिहिली आहेत."

मी विचारलं. आणि त्यावर भामा जे बोलली ते मी वाक्यावाक्याला थांबून सांगत गेलो. ती म्हणाली, "दुपारी डोळा लागला की मी गावी जायची. चूल पेटवायची, पोरीची येनी घालायची. पोर दर साली वाढायची, सायेब. झगा आखूड व्हायचा. मी खालची शिवन उसवून लांब करायची. जागी झाले की हातात काय नसायचं. आसं अकरा येळा झालं. धा झग्यांची शिवन उसवली, अकराव्याला कापडच उरलं न्हवतं."

स्वप्नाचा पुरावा न्यायालयात चालत नाही, हे मला माहीत होतं आणि साहेबांनाही. पण साहेबांनी संस्थेची नोंदवही उघडली, बोटानं अंगठे मोजले. अकरा होते.

भामा पिंजऱ्यातून उतरताना मला म्हणाली, "दादा, तुमी भालकीकडलं का? बोलन्यावरनं वाटलं."

साहेब म्हणाले, "काय म्हणाली?"

शपथ घेतलेली होती. मी म्हटलं, "विचारते आहे, मी भालकीचा का म्हणून."

"आहात?"

"हो, साहेब."

"हे नोंदीत घेऊ नका," ते लघुलेखकाला म्हणाले. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

त्या दिवशीच मी खात्याला कळवलं, या प्रकरणात आता मला उभं राहता येणार नाही, दुसरा वकील द्या. दुभाषी झालेल्या माणसानं परत वकील होणं बरोबर नव्हे. लोकांनी मला साधुत्व चिकटवलं, पण तो नुसता नियम होता. मात्र माझे मुद्दे आधीच नोंदवलेले होते, त्यांवर आदेश व्हायचाच होता.

तो तीन आठवड्यांनी झाला. मागच्या बाकावर बसून मी ऐकला. कायद्याच्या संहितेत एक वाक्य आहे, मी ते शंभरदा वाचलं होतं. गुन्हा सतत चालू असेल, तर तो चालू असेतोवर प्रत्येक क्षणी मुदत नव्यानं सुरू होते. शंभरदा वाचूनही मी ते कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी साहेबांनी ते सावकाश वाचलं आणि मला तो तलाव दिसला, ती ओसरी दिसली, आणि प्रत्येक क्षणी नव्यानं सुरू होणारी ती दुपार दिसली. साहेब म्हणाले, सहा महिने संपले त्या क्षणापासून फाटक उघडलं त्या क्षणापर्यंत हा एकच गुन्हा आहे, तो संपला २०१५ साली, मुदत तिथून मोजायची. हद्दीचंही तेच. जो गुन्हा या शहरात सुरू होऊन शेजारच्या जिल्ह्यात चालू राहिला, तो दोन्हीकडे चालवता येतो. संस्था खाजगी खरी, पण तिच्या हाती या बाईला न्यायालयाच्या हुकुमानं सोपवलं होतं आणि देखरेख सरकारची होती. तेव्हा संस्थेला हात झटकता येणार नाहीत. राज्य बदलल्याच्या माझ्या मुद्द्यावर त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. राज्य बदललं, दाराची कडी बदलली नाही.

राहिला वाटेचा मुद्दा. तो मी जिंकलो. अधिकार याच न्यायालयाचा, पण थेट येता येणार नाही, आधी दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागेल. सत्र न्यायालयाचा तो नियमच आहे. म्हणजे भामाला आणखी आठ महिने. वकिली आयुष्यात मी जे मुद्दे जिंकलो त्यांतला हा एक. त्याचा आनंद मला कुठे ठेवावा ते कळेना.

बाहेर व्हरांड्यात चारुलताबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "जिना लांबचा निघाला, हणमंतराव. पण वरच जातोय ना?" आणि भामाला घेऊन खाली गेल्या. तिला विद्यानगरच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम लागलं होतं, भाकऱ्यांची वेळ झाली होती.

खटला उभा राहिला, चालला, २०१९ च्या पावसाळ्याअखेर संपला. संस्थेवर देखरेख ठेवायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची खात्यांतर्गत चौकशी झाली, पुढे काय झालं मला ठाऊक नाही. व्यवस्थापक दोषी ठरले, एक वर्षाची शिक्षा झाली. अकरा वर्षांना एक वर्ष हे थोडं की पुष्कळ, यावर मी बोलत नाही.

निकालाच्या दिवशी मामाबरोबर शिल्पा आली होती. एकोणीस वर्षांची, उंच, आईसारखीच भुवई. चारुलताबाईंनी तिला दर सुनावणीनंतर पत्र लिहिलं होतं. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. निकाल इंग्रजीत होता. बाई तिला व्हरांड्यातल्या बाकावर घेऊन बसल्या आणि त्यांनी सगळाच्या सगळा निकाल, बावीस पानं, मराठीत सांगितला. मी दोन हातांवर उभा होतो. मला निघायला हवं होतं, निघालो नाही. तेव्हाच बाईंचे डोळे अधू व्हायला लागले होते. ओळ सापडेना की त्या बोटानं चाचपायच्या आणि मुलगी त्यांचं बोट उचलून बरोबर ओळीवर ठेवायची.

वाचून झालं. मुलीनं विचारलं, "म्हणजे तिला येता येत नव्हतं?"

"येत नव्हतं."

"एकदाबी?"

"तीनदा निघाली होती. येऊ दिलं नाही."

"हे सायेबांनी लिहिलंय? तुमी नाही?"

"साहेबांनी. ही त्यांची सही."

मुलगी त्या सहीकडे पाहत बसली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला भामा पाठ करून उभी होती, पोरीला संकोच नको म्हणून. वकील जात होते, येत होते, कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालू होता. मग मुलीनं मान वर केली आणि विचारलं, "ती जेवली का?"

चारुलताबाई म्हणाल्या, "सकाळपासून नाही."

शिल्पा उठली, मामाच्या पिशवीतून डबा काढला आणि त्या टोकाकडे चालू लागली. पुढे काय बोलणं झालं मला माहीत नाही. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. चारुलताबाई मला म्हणाल्या, "चला, आपल्याला चहाची गरज आहे." एवढ्या वर्षांत आम्ही एकत्र घेतलेला तो पहिला चहा.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. शिल्पानं इथेच नर्सिंग केलं, आता नोकरी करते, मायलेकी विद्यानगरात एका खोलीत राहतात. ती आईला अजून 'आई' म्हणत नाही, 'अहो' म्हणते. भांडतात. परवा मी गेलो तर मिठावरून चाललं होतं. मी म्हटलं, "काय हो, असं रोज चालतं?" भामा म्हणाली, "हाव की, रोज." आणि असं म्हणाली की जणू पेढे वाटत होती.

चारुलताबाई, तुम्ही कधी तुमच्या यशाबद्दल बोलत नाही, म्हणून मी बोललो. मी चांगला माणूस आहे असं तुम्ही त्या दुपारी गृहीत धरलंत. मी तसा होतो की नव्हतो, ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तुम्ही दुसरीकडे पाहत बसलात, आणि मला तसं होण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मी तुमच्याविरुद्ध पुष्कळ प्रकरणं जिंकलो, बाई. हे एक हरलो, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

आता आवरतं घेतो. मघापासून पुढच्या रांगेतली मंडळी दाराकडे पाहून कुजबुजत आहेत की बाहेरून गाड्यांचा आवाज येतोय, गारवा बाहेर चाललाय, दार का लावत नाहीत? अनिलरावांना दोष देऊ नका. ते सत्कारमूर्तींच्या सांगण्यावरून उघडं आहे. उंबऱ्याशी खुर्ची टाकून भामाबाई बसल्या आहेत. त्यांना अजून बंद दालनात बसवत नाही. त्यांच्याशेजारी उभी आहे ती शिल्पा, दवाखान्यातून थेट आली आहे, म्हणून गणवेशात. भामाबाई, तिथून ऐकू येतंय ना? येतंय म्हणतात. मग माझं काम झालं.

अध्यक्ष महोदयांनी मला दिलेल्या वेळेपेक्षा अधिक बोलू दिलं, मंडळानं विरुद्ध बाजूलाही या व्यासपीठावर जागा दिली, आणि तुम्ही सगळ्यांनी जेवण खोळंबलेलं असताना शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. सांगताना तारखा पुढेमागे झाल्या असतील, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तो माझ्या वयाचा दोष समजून पोटात घाला. मात्र भामाबाईंचे शब्द मी सांगितले ते तसेच्या तसे आहेत. त्यांत मी काही बदललेलं नाही.

नमस्कार.